बर्फावर घसरलेली गाडी, बोलता बोलता गप्प झालेला मित्र: काय घडलं आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन गाड्या मागेपुढे चालल्या होत्या. पुलाजवळच्या वळणावर पुढची गाडी बर्फावरून घसरली आणि डाव्या, म्हणजे (तिथल्या गाड्यांत) चालकाच्या बाजूने खांबावर आदळली. आत जवळचा मित्र एकटाच होता. सुरुवातीला तो नीट बोलत होता, ‘मी ठीक आहे’ म्हणत होता आणि थंडीने कुडकुडत होता. त्याला बाहेर काढावं की नाही यावर मागच्या गाडीतल्यांचं एकमत होईना. शेवटी काढलं नाही, अंगावर जॅकेटं टाकली. वीसेक मिनिटांत कुडकुडणं थांबलं, उत्तरं तुटक झाली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तो गप्प झाला. प्लीहा काढावी लागली, कमरेचं हाड मोडलं आहे, डोक्यालाही मार आहे. आता तो व्हेंटिलेटरवर आहे. बोलणारा माणूस असा कोसळला कसा, आमचं काय चुकलं, आणि आता आम्ही काय करायचं, असं विचारलं आहे.

आधी कोसळण्याबद्दल, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

सत्तर किलो वजनाच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटरच्या आसपास वाहून जाईपर्यंत तरुण, निरोगी माणसाचा रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहू शकतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदय वेगाने धावतं, आणि मेंदूला रक्त मिळत राहतं. म्हणून माणूस बोलतो, नाव सांगतो, माझ्या गाडीचं काय झालं असंही विचारतो. ही उसनी ताकद संपली की मात्र तो काही मिनिटांत ढासळतो. त्यामुळे ‘बोलतोय ना’ या आधारावर निर्धास्त होऊ नये. खरी खूण बदलात असते. पाच मिनिटांपूर्वी पूर्ण वाक्य बोलणारा आता एकेका शब्दात उत्तर देतोय का, श्वास उथळ आणि भराभर होतोय का, त्वचा फिकट आणि ओलसर लागतेय का, विनाकारण अस्वस्थ होऊन पट्टा सोडायची धडपड करतोय का, हे बघायचं. ही अस्वस्थता लोकांना भीतीची वाटते. बरेचदा ती मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याची असते.

बाजूने बसलेला मार हा वेगळाच प्रकार आहे. समोरून धडक झाली तर इंजिनाचा भाग चुरगळतो, पट्टा आणि एअरबॅग आपलं काम करतात. दार आणि शरीर यांच्यात मात्र वीतभर जागा असते. खांब एका जागी आत घुसतो आणि खांदा, बरगड्या, कंबर आणि डोकं एकाच क्षणी मार खातात. डावीकडच्या शेवटच्या बरगड्यांमागे प्लीहा असते, उजवीकडे यकृत. दोन्ही अवयव मऊ आणि रक्ताने भरलेले. प्लीहेतून पोटात दोन लिटर रक्त साचलं तरी बाहेर थेंब दिसत नाही. कमरेचं हाडांचं कडं, म्हणजे पेल्विस, मोडलं की त्याच्या आत तेवढंच रक्त मावतं. मांडीचं हाड मोडलं तर एकेका मांडीत लिटरभर. रस्त्यावर रक्त दिसलं नाही याचा अर्थ रक्तस्राव नाही असा होत नाही.

याच्या जोडीला थंडी. निरोगी माणूस तासभर थंडीत उभा राहतो आणि त्याला काही होत नाही, म्हणून जखमीच्या थंडीकडे लोक ‘गैरसोय’ म्हणून बघतात. जखमी माणसाच्या बाबतीत थंडी ही दुसरी जखम आहे. रक्त गोठवणारी विकरं (एन्झाइम्स) शरीराच्या नेहमीच्या तापमानाला काम करतात. शरीर ३४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत. रक्त गेल्याने ऊतींना प्राणवायू मिळत नाही, त्यातून रक्तात आम्ल वाढतं. आम्ल वाढलं की रक्त आणखी कमी गोठतं, आणखी वाहतं, शरीर आणखी गार पडतं. गारठा, आम्ल आणि न गोठणारं रक्त या तिघांच्या दुष्टचक्राला अपघात विभागात सगळेच घाबरतात. एरवी शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. गंभीर जखमीसाठी आम्ही ३६ लाच सावध होतो.

कुडकुडणं थांबलं तेव्हा ‘जरा ऊब आली असेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. निरोगी माणसाचं कुडकुडणं शरीर ३० ते ३२ अंशांवर आल्यावर थांबतं. रक्त गेलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या माणसाचं ते त्याआधीच थांबतं, कारण शरीराची तापमान सांभाळणारी यंत्रणाच मोडकळीला येते. ऊब दिलेली नसताना कुडकुडणं थांबलं आणि बोलणंही मंदावलं, तर ती धोक्याची घंटा समजून आपत्कालीन क्रमांकावर पुन्हा फोन करून तसं सांगायचं.

थंडी माणसाला वाचवते असंही ऐकायला मिळतं. १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या प्रवाहात अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि ती वाचली. ते खरं आहे, पण तिथे मुख्य संकट थंडी हेच होतं. आतून रक्त वाहत असताना थंडी कुणाचंही रक्षण करत नाही.

आता ‘आमचं काय चुकलं’ हा प्रश्न. त्याला बाहेर काढलं नाही हे बरोबर केलंत. पेल्विस मोडलेल्या माणसाला ओढलं की तुटलेली टोकं हलतात आणि आत जमलेली रक्ताची गाठ सुटते. गाडीतून ताबडतोब काढायची कारणं मोजकी आहेत: आग किंवा धूर, गाडी पाण्यात जाणं किंवा उलटण्याच्या बेतात असणं, मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका टाळता न येणं, आणि श्वास बंद होणं. यातलं काही नसेल तर आहे तिथेच सांभाळायचं.

उणीव कुठे राहिली ते स्पष्ट सांगतो, पुढे कुणाला तरी उपयोग होईल म्हणून. जॅकेटं वरून टाकली, पण फुटलेल्या काचेतून वारा येत राहिला आणि पाठीमागचं थंडगार सीट उष्णता ओढत राहिलं. हे त्या क्षणी कुणालाही सुचणं अवघड आहे. नुसत्या वरच्या पांघरुणाने भागत नाही. फुटलेली खिडकी आधी चादर, मॅट, पुठ्ठा, जे असेल त्याने बंद करायची. मग माणसाला न हलवता पाठीमागे आणि मांड्यांच्या बाजूंनी जे सरकेल ते कोरडं कापड सरकवायचं. डोकं आणि मान झाकायची, पण चेहरा उघडा. चंदेरी फॉइलचं पांघरूण वारा अडवतं, मात्र एकटं पुरत नाही. आत कोरडं लोकरी कापड आणि बाहेर फॉइल असा क्रम हवा. कपडे ओले असतील आणि आडोसा तयार झाला असेल तरच ते कापून काढावेत. उघड्या वाऱ्यात कपडे काढणं ओल्या कपड्यांपेक्षा वाईट. हातपाय चोळायचे नाहीत, गरम पिशवी थेट त्वचेला लावायची नाही, मद्य मुळीच नाही. गरम चहासुद्धा नाही, कारण शस्त्रक्रिया होणार असते आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

पण ऊब हे पहिलं काम नाही. पहिलं काम स्वतः जिवंत राहणं. ज्या बर्फाने पहिली गाडी घसरली तोच बर्फ दुसरी आणि तिसरी गाडी त्याच जागी आणून आदळवतो, आणि मदतीला धावलेली माणसं दोन गाड्यांच्या मध्ये सापडतात. आपली गाडी घसरणीच्या रेषेपासून दूर, शक्यतो अपघाताच्या पुढे नेऊन थांबवायची. चारही दिवे लुकलुकते ठेवायचे. एका माणसाला कठड्याच्या पलीकडून चालत मागे पाठवायचं. इशाऱ्याचा त्रिकोण कोरड्या रस्त्यापेक्षा खूप मागे, वळणाच्या किंवा चढाच्या अलीकडे हवा. रस्त्यावर उभं राहून हात दाखवायचे नाहीत. ब्रेक दाबणाऱ्या चालकाची गाडी तुम्हाला पाहूनही थांबणार नाही.

फोनवर नेमकी जागा आणि कोणत्या दिशेचा रस्ता ते सांगा, किती माणसं, कुणी अडकलंय का, शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय, आणि रस्त्यावर बर्फ आहे हेही सांगा. शेवटच्या माहितीमुळे येणारी गाडी चाकांना साखळ्या लावून किंवा दुसऱ्या बाजूने येते. आघाताची बाजूही सांगा. ‘चालकाच्या बाजूने खांब आत आलाय’ या एका वाक्याने कापण्याची अवजारं आणि मोठं पथक आधीच निघतं.

अपघातग्रस्त गाडीचं इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी आवाज न करताही चालू असू शकते. नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नका. न उघडलेल्या एअरबॅगसमोर डोकं किंवा छाती आणू नका.

मग श्वास. गाडीत बेशुद्ध झालेल्याची मान छातीवर लुढकते आणि श्वासमार्ग दुमडतो. इतर जखमा जीवघेण्या नसतानाही माणसं अशी जातात. मागच्या सीटवर बसून दोन्ही हातांनी डोकं कानांजवळ धरायचं आणि सावकाश सरळ, नाक पोटाच्या रेषेत येईल असं उचलायचं. मान सांभाळायची म्हणून झुकलेली मान झुकलेलीच ठेवू नका, श्वास आधी. डोकं सरळ करताना अडथळा जाणवला किंवा दुखणं वाढलं तर तिथेच थांबायचं, फक्त श्वास चालू राहील एवढं बघायचं.

बाहेर दिसणारा जोरदार रक्तस्राव असेल तर जखमेवर थेट, पूर्ण वजनाने दाब. हातापायातून उसळून येत असेल तर टर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नको, रक्त थांबेपर्यंत आवळून, आणि वेळ लिहून. अर्धवट आवळलेलं टर्निकेट रक्तस्राव वाढवतं. जांघेत किंवा काखेत ते बसत नाही. तिथे जखमेत कापड खोलवर भरून दाबून धरायचं. घुसलेली वस्तू काढायची नाही.

श्वास बंद असेल तर बाहेर काढून कडक जागेवर छातीदाब: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. खूप गारठलेल्या माणसाची नाडी इतकी मंद असते की प्रशिक्षित माणसालाही ती मिनिटभर शोधावी लागते. बोटाला लावायचं प्राणवायूमापक गार बोटांवर खोटे आकडे दाखवतं, त्यावर विसंबू नका. गारठलेल्या माणसाला हलवायचंच असेल तर धक्के न देता हलवा. गार हृदय धक्क्याने बेताल होऊ शकतं.

आता रुग्णालय. पहिली शस्त्रक्रिया लहान का होती, पोट तात्पुरतं झाकून का ठेवलं, असे प्रश्न बऱ्याच नातेवाइकांना पडतात. गार आणि रक्त न गोठणाऱ्या शरीरावर लांबलचक शस्त्रक्रिया झेपत नाही. म्हणून आधी फक्त रक्तस्राव थांबवतात, आयसीयूत गरम हवेचं पांघरूण आणि गरम केलेलं रक्त देऊन शरीर सावरतात, आणि साधारण २४ ते ४८ तासांनी उरलेलं काम करतात. रक्त कमी वाहावं म्हणून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड दिलेलं असू शकतं. २०१० च्या क्रॅश-२ या मोठ्या चाचणीनंतर ते रूढ झालं, आणि त्याचा उपयोग अपघातापासून ३ तासांच्या आत दिलं तरच होतो. तुमच्याकडे अपघाताची नेमकी वेळ असेल तर डॉक्टरांना ती खरोखर हवी असते. गाडीत किती वेळ अडकला होता, मधे क्षणभर तरी शुद्ध हरपली होती का, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, अ‍ॅलर्जी, शेवटचं कधी खाल्लं, हे सगळं एका कागदावर लिहून द्या. सुरक्षित जागेवरून काढलेला गाडीचा फोटो असेल तर तोही दाखवा. दार किती आत आलं यावरून डॉक्टर न दिसणाऱ्या जखमा शोधतात.

डोक्याच्या माराबद्दल सर्वांत जास्त संयम लागेल. मेंदूची सूज पहिल्या दिवशी पूर्ण वाढलेली नसते. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढू शकते. म्हणून ‘काल बरा होता, आज वाईट झाला’ असं सांगितलं गेलं तर ती दरवेळी कुणाची चूक नसते. शुद्धीचं मोजमाप ३ ते १५ गुणांत करतात. ८ किंवा त्याखाली असेल तर श्वासमार्ग नळीने सुरक्षित करावा लागतो. गुंगीची औषधं चालू असताना काढलेल्या गुणांचा अर्थ लावू नका. पहिल्या ७२ तासांत ‘हा पुढे चालेल का, बोलेल का’ याचं प्रामाणिक उत्तर सहसा कुणाकडेच नसतं. त्याऐवजी रोज हे विचारा: कवटीतला दाब कसा आहे, कालच्या तुलनेत गुंगी कमी केली का, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, आज कोणता संसर्ग शोधताय, पुढचं पाऊल कोणतं आणि ते कधी. व्हेंटिलेटर आठवडा-दहा दिवसांपेक्षा लांबेल असं दिसलं तर गळ्यातून छिद्र करून नळी बसवण्याचा विषय निघेल. ते ऐकून खचू नका. त्याने गुंगी कमी करता येते आणि फिजिओथेरपी लवकर सुरू होते.

मित्र या नात्याने तुम्हाला सगळी माहिती मिळेलच असं नाही. जवळच्या नातेवाइकांपैकी एकाला डॉक्टरांशी बोलायला नेमा, बाकीच्यांनी त्याच्याकडूनच ऐका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात आणि घरात भांडणं लागतात. तुम्ही करू शकता असं एक काम मला फार मोलाचं वाटतं: वहीत रोजचं लिहून ठेवा. तारीख, काय केलं, कोण भेटलं, त्याने डोळे उघडले का. आयसीयूतून बाहेर आलेल्यांच्या आठवणीत मोठी पोकळी असते आणि तिथे भीतीदायक भास भरून बसतात. खरी क्रमवारी नंतर वाचता आली तर त्यांना सावरायला मदत होते. जागा होताना तो तुम्हाला ओळखणार नाही, शिवीगाळ करेल, नळ्या ओढेल असंही होऊ शकतं. तो आजाराचा भाग आहे. त्याचा चष्मा त्याला लावा, दिवस-वेळ सांगा, हळू आणि एकेकट्याने बोला, त्याच्याशी वाद घालू नका.

प्लीहा काढली आहे, त्यामुळे एक गोष्ट आयुष्यभराची. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी, सहसा शस्त्रक्रियेनंतर दोनेक आठवड्यांनी. घरी पाठवताना हे राहून जातं, म्हणून स्वतः विचारा. पुढे कधीही ताप आणि थंडी वाजून आली तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी रुग्णालय. पाकिटात ‘प्लीहा नाही’ असं कार्ड ठेवावं.

तुमच्याबद्दलही थोडं. धडकेचा आवाज कानात घुमणं, झोप उडणं, ‘मी पुढे असतो तर’ हा विचार सतत येणं हे पहिल्या काही आठवड्यांत अपेक्षित आहे. महिना उलटूनही ते कमी होत नसेल किंवा गाडीत बसणंच अशक्य होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि ‘मी पुढे असतो तर’ याचं उत्तर गणितात आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ च्या आसपास असते, बर्फाच्या थरावर ०.१. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण कोरड्यात ताशी ६५ किलोमीटरने पार होतं, त्या बर्फावर २५ च्या वर कुणाचीच गाडी धरत नाही. तुम्ही पुढे असता तर बहुधा तुमची गाडी घसरली असती.

तुम्हाला आता कदाचित रोज त्याच रस्त्याने रुग्णालयात जायचं आहे, म्हणून हे नीट वाचा. पूल आधी गोठतो, कारण खालूनही थंड हवा लागते. त्यानंतर सावलीतली वळणं. हवा २-३ अंश असतानाही रस्ता शून्याखाली असू शकतो, आणि शून्याच्या जवळचा ओला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त घसरडा. पारदर्शक थरातून डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. ओल्या रस्त्यावर टायरचा सळसळ आवाज अचानक थांबला तर बर्फ आहे असं धरा. ताशी ५० ने जाताना कोरड्यात फक्त ब्रेकचं अंतर १४ मीटर असतं, बर्फावर जवळजवळ १०० मीटर. ताशी ३० ने बर्फावर ३५ मीटर. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. वळणात ब्रेक नको, एक्सलरेटर झटक्याने सोडणंही नको. मागची चाकं घसरली तर ब्रेकवरून पाय काढा, जिकडे जायचं तिकडे नजर आणि स्टिअरिंग. पुढची चाकं घसरली आणि गाडी वळत नसेल तर स्टिअरिंग थोडं सरळ करा म्हणजे टायर पुन्हा पकडतील. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लागल्यावर पेडल थरथरतं, तेव्हा दाब कमी करू नका. फोरव्हील ड्राइव्हने निघायला मदत होते, थांबायला होत नाही. हिवाळी टायर चारही चाकांना हवेत. फक्त पुढे बसवले तर मागची बाजू फिरते.

गाडीत दोन लोकरी ब्लँकेटं, दोन फॉइल, जाड फोमची मॅट, टर्निकेट, पट्ट्यांचे चार गठ्ठे, कात्री, हेडलँप, दोन त्रिकोण आणि चमकणारी जॅकेटं ठेवा. ब्लँकेटं आणि टर्निकेट मात्र डिकीत नको, मागच्या सीटखाली. मागून धडक बसली तर डिकी उघडत नाही.